धागा: पांढऱ्या पावडरीतले दोन फेज, कार्बन डायऑक्साइड आणि मला दिसलेला मिथेन

डिचोली_रसायन
६ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, झाडं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन साखर करतात, मग त्याच दोन गोष्टींतून आपण चुलीचा गॅस का करू शकत नाही?" तासाच्या घंटेआधी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण घरी आल्यावर चैन पडेना. याच प्रश्नापायी मी एम.एस्सी.ची दोन सेमिस्टरं भट्टी आणि झेनॉन दिव्यासमोर काढली आहेत. म्हणून इथे नीट लिहितो. चुकलो तर जाणकारांनी हक्काने सांगावं.

थोडक्यात इतिहास. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं. १९७९ मध्ये इनोए, फुजिशिमा आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड अशा पावडरी पाण्यात ढवळल्या, त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले आणि वर प्रकाश टाकला. फॉर्मिक आम्ल, फॉर्मल्डिहाइड, मिथेनॉल आणि जरासा मिथेन मिळाला. तेव्हापासून जगभर लोक या मागे आहेत.

अडचण कुठे आहे? कार्बन डायऑक्साइड हा अतिशय सुखावलेला रेणू. त्याच्यावर एकच इलेक्ट्रॉन चढवायचा म्हटलं तर उणे १.९ व्होल्टपर्यंत जावं लागतं, आणि टिटॅनियाच्या (म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइडच्या) इलेक्ट्रॉनात तेवढा जोर नाही. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडीजोडीने दिले तर काम पुष्कळ सोपं होतं, पण मग ते बरेच लागतात: कार्बन मोनॉक्साइडला २, मिथेनॉलला ६, मिथेनला ८. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी एकमेकांना भेटून विझायला क्षणही लागत नाही. आठ इलेक्ट्रॉन एका जागी जमेपर्यंत थांबणार कोण? त्यात शेजारी पाणी आहेच. त्यातल्या प्रोटॉनना दोनच इलेक्ट्रॉन पुरतात, आणि हायड्रोजन होऊन ते मोकळे होतात.

इथेच मिश्र फेजची गोष्ट सुरू होते. उद्या लिहितो, आता वीज जाण्याची लक्षणं आहेत.

पेडण्याची_माई
६ जुलै, रात्री ९.५५

वाचतेय. पण सर, "फेज" म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना कळेल असं सांगा ना. विजेचा फेज तेवढा ठाऊक आहे, तोही आत्ताच गेला.

डिचोली_रसायन
७ जुलै, सकाळी ७.२०

माई, तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर हात फिरवून बघा. स्वस्तातला पांढरा रंग दोन-तीन वर्षं उन्हात राहिला की तळव्याला खडूसारखी पावडर लागते. त्या पांढऱ्या रंगाचा जीव म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. एक टिटॅनियम, दोन ऑक्सिजन, सूत्र एकच. पण अणूंची मांडणी वेगवेगळी असू शकते. एका मांडणीला अ‍ॅनाटेज म्हणतात, दुसरीला रुटाइल, तिसरीला ब्रुकाइट. हेच फेज. तेच तांदूळ, पण भात वेगळा आणि पोळे वेगळे, तसं काहीसं.

अ‍ॅनाटेजवर ऊन पडलं की तो आपल्या भोवतीचं डिंकासारखं बाइंडर खातो, मग रंगाचे कण मोकळे होऊन हाताला लागतात. रंगवाल्यांच्या दृष्टीने हा दोष, आमच्या दृष्टीने हाच गुण.

म्हापसा_रंगवाला
७ जुलै, दुपारी १.४०

सर, अगदी बरोबर. बाहेरच्या भिंतीला आम्ही रुटाइलवालाच माल देतो, आणि त्या कणांवरही कंपन्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर चढवतात. मे महिन्यात गिऱ्हाईक घाईघाईने आतल्या कामाचं डिस्टेंपर बाहेर मारतं आणि पुढच्या वर्षी पावडर सुटली म्हणून माझ्याकडे येतं. तीस वर्षं हे बघतोय. पण त्या पावडरीमागे एवढं शास्त्र आहे हे आज कळलं. रुटाइलचा पांढरेपणा झाकतोही जास्त, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक.

डिचोली_रसायन
७ जुलै, रात्री ८.३०

रंगवालेबाब, मनापासून आभार. झाकण्याचं कारण म्हणजे रुटाइलचा अपवर्तनांक जास्त, साधारण २.७. अ‍ॅनाटेजचा २.५ च्या आसपास.

आता मिश्रणाकडे. अ‍ॅनाटेजमधला इलेक्ट्रॉन उठवायला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, रुटाइलला ३.०. म्हणजे अ‍ॅनाटेजला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाशच चालतो, रुटाइल जांभळ्याच्या काठापर्यंत येतो. एकट्या अ‍ॅनाटेजमध्ये इलेक्ट्रॉन आणि पोकळी पटकन विझतात. पण दोन फेजचे कण एकमेकांना घट्ट चिकटून वाढले असतील, तर त्यांच्या ऊर्जेच्या पायऱ्या वरखाली असतात. इलेक्ट्रॉन एका बाजूला घरंगळतो, पोकळी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. त्या वेळात कार्बन डायऑक्साइडचं काम होऊ शकतं.

बाजारात मिळणारी पी२५ ही पावडर म्हणूनच सगळ्यांची मोजपट्टी झाली आहे. तिच्यात साधारण तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के अ‍ॅनाटेज, बाकी बहुतेक रुटाइल. कण विसेक नॅनोमीटरचे, आणि एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग.

पठारावरची_हवा
७ जुलै, रात्री १०.१५

सर, छान चाललंय. मी याच विषयात पीएच.डी. करतेय, म्हणून दोन भर घालते.

पहिली, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो याची. आधी सगळे धरून चालले होते की अ‍ॅनाटेजकडून रुटाइलकडे जातो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या किम्बर्ली ग्रे यांच्या गटाने इलेक्ट्रॉन-स्पिन अनुनादाने (सुटे इलेक्ट्रॉन कुठे अडकलेत ते दाखवणाऱ्या पद्धतीने) मोजलं, तर उलटं दिसलं: रुटाइलमध्ये उठलेले इलेक्ट्रॉन अ‍ॅनाटेजच्या सापळ्यांत जाऊन बसत होते. पुढे २०१३ मध्ये स्कॅनलन आणि सहकाऱ्यांनी गणित आणि क्ष-किरण वर्णपट दोन्ही जुळवून सांगितलं की अ‍ॅनाटेजचा वहन पट्टा, म्हणजे उठलेला इलेक्ट्रॉन ज्या पायरीवर फिरतो ती, रुटाइलपेक्षा सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली आहे. म्हणजे उतार अ‍ॅनाटेजकडे.

दुसरी भर जरा कडू आहे. होक्काइडो विद्यापीठाच्या ओहतानी यांनी २०१० मध्ये पी२५ मधले दोन्ही फेज रासायनिक रीतीने वेगळे काढले, पुन्हा एकत्र केले आणि तपासले. त्यांनी घेतलेल्या क्रियांमध्ये एकत्र असण्याचा खास फायदा काही दिसला नाही. त्यामुळे "मिश्र आहे म्हणून चांगलं" हे वाक्य दिसलं की मी आधी विचारते: सीमा आहे का? कण खरंच एकमेकांवर वाढलेत की नुसते शेजारी पडलेत? खलबत्त्यात दोन पावडरी घोटून सांधा तयार होईल याची खात्री नसते.

ब्रुकाइटकडेही लक्ष असू द्या. २०१२ मध्ये लियू, ली आणि सहकाऱ्यांनी तिन्ही फेज हेलियममध्ये तापवून, पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा पाडून, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेवर तपासले. त्यांत ब्रुकाइटचं उत्पादन सगळ्यांत जास्त आलं. त्या रिकाम्या जागांवर कार्बन डायऑक्साइड वाकून बसतो, आणि एकदा वाकला की मग तो तेवढा सुखी राहत नाही.

सत्तरी_माटी
८ जुलै, सकाळी ६.५०

नमस्कार. मी खाणपट्ट्यातला. आमच्याकडे तर सगळी जमीनच लोखंडाच्या ऑक्साइडची. पावसात ओहोळ लाल होऊन वाहतात, अंगणातल्या दोरीवरचे कपडे लाल होतात. हे हेमटाइट उन्हात एवढं तापतं, मग ते का नाही वापरत? पांढरी पावडर विकत आणण्यापेक्षा घरची माती बरी.

पठारावरची_हवा
८ जुलै, दुपारी २.०५

दादा, प्रश्न फार चांगला आहे, आणि यावर खरंच काम झालंय. हेमटाइटला सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, म्हणजे निळा-हिरवा प्रकाश तो खातो आणि म्हणूनच लाल दिसतो. टिटॅनियाला लागणारा अतिनील भाग उन्हात जेमतेम ४-५ टक्के, त्या मानाने हेमटाइटचं ताट भरलेलं. पण दोन गोष्टी आड येतात. त्याचा वहन पट्टा इतका खाली आहे की तिथल्या इलेक्ट्रॉनला पाण्यातून हायड्रोजनसुद्धा काढता येत नाही, कार्बन डायऑक्साइड दूरच. दुसरं म्हणजे पोकळी आत तयार झाली की काही नॅनोमीटर चालते आणि विझते, पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही.

म्हणून त्याला जोडीदार देतात. क्युप्रस ऑक्साइडसारखा (तांब्याचा एक ऑक्साइड) वरच्या पट्ट्याचा पदार्थ शेजारी ठेवला, तर हेमटाइटचा दुबळा इलेक्ट्रॉन आणि त्याची पोकळी सांध्यावर एकमेकांना संपवतात. मग जोरदार इलेक्ट्रॉन एका टोकाला उरतो आणि जोरदार पोकळी दुसऱ्या टोकाला. इंग्रजी झेड अक्षरासारखा हा मार्ग, झाडाच्या पानातही साधारण असाच दोन टप्प्यांचा. फक्त क्युप्रस ऑक्साइड पाण्यात आणि उजेडात स्वतःच गंजतो, ही डोकेदुखी राहते.

खाणीतलं खनिज थेट नाही चालणार. त्यात गोएथाइट (पाणी धरून बसलेलं पिवळसर लोह-खनिज), चिकणमाती, सिलिका सगळं असतं. पण एक गंमत घरी बघता येईल: पिवळसर माती चुलीच्या निखाऱ्यात भाजली की लाल होते ना, ते गोएथाइटमधलं पाणी उडून हेमटाइट होणं आहे. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास होतं. तोही फेजचाच बदल.

सत्तरी_माटी
८ जुलै, रात्री ९.००

आमची आजी चुलीला सारवायला पिवळी माती आणायची, आणि जाळाजवळची बाजू लाल व्हायची. लहानपणापासून बघतोय. धन्यवाद ताई.

डिचोली_रसायन
८ जुलै, रात्री ११.२०

आता माझी गोष्ट. यासाठीच धागा काढला होता.

मी सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रवातून आधी जेल करून, टिटॅनिया करत होतो. त्यासाठी टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड लागतं, आणि त्याला पाण्याचा वाससुद्धा सहन होत नाही. आषाढातल्या गोव्याच्या हवेत ती बाटली उघडणं म्हणजे परीक्षाच. बूच काढलं की तोंडाशी पांढरी खपली, पिपेटच्या टोकाला पांढरी खपली, हातमोज्यावर पडलेल्या थेंबाची क्षणात साय. म्हणून वेग कमी करायला मी त्यात ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल घालायचो. जेल छान व्हायचं, काचेसारखं पारदर्शक. ते वाळवून, कुटून मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांवर चार तास.

एका रात्री मुसळधार पाऊस होता, वीज गेली. भट्टी किती वेळ चालली कुणास ठाऊक. सकाळी क्रुसिबल उघडलं तर पावडर शुभ्र नव्हती, दुधात थेंबभर चहा पडावा तसा रंग. टाकून द्यायला जीव होईना. एक्स-रे डिफ्रॅक्शनला (क्ष-किरणांनी फेज ओळखण्याच्या चाचणीला) दिली तर २५.३ अंशांवर अ‍ॅनाटेजचा रुंद पीक (आलेखातला उंचवटा) आणि ३०.८ वर ब्रुकाइटचं लहानसं टेकाड. मिश्र फेज! मला वाटलं, देवच पावला.

रिअ‍ॅक्टरमध्ये पसरली, कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत आत सोडला, दिवा लावला. दर तासाला सेप्टममधून (रबरी बुचातून) सिरिंजने नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफला (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला). मिथेनचा पीक असा चढत गेला की माझ्या शुभ्र पावडरींचे पीक त्याच्यापुढे दिसेनात. त्या रात्री झोपलो नाही. ब्रुकाइटच्या सांध्यावर पानभर लिहूनही काढलं.

गाइडनी ते पान वाचलं, काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बंद ठेव, आर्गॉन सोड."

आर्गॉनमध्येही मिथेन आला. तेवढाच.

कार्बन डायऑक्साइड आत नाही आणि मिथेन येतोय, मग कार्बन कुठला? माझ्याच अ‍ॅसेटिक आम्लाचा. अर्धवट भाजलेल्या पावडरीत अ‍ॅसिटेट चिकटून राहिलं होतं. १९७८ मध्येच क्रॉयट्लर आणि बार्ड यांनी दाखवलं होतं की प्लॅटिनम चढवलेल्या टिटॅनियावर अ‍ॅसेटिक आम्लावर प्रकाश टाकला की ते मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये फुटतं. मी कार्बन डायऑक्साइड वापरत नव्हतो, उलट तयार करत होतो.

तीच पावडर पुन्हा ४५० अंशांवर पूर्ण चार तास भाजली, मग ओलसर हवेत रात्रभर दिव्याखाली ठेवून पृष्ठभाग साफ केला. मिथेन जवळजवळ गेला. कार्बन मोनॉक्साइडचं लहानसं टेकाड राहिलं, आणि आर्गॉन सोडल्यावर ते मात्र नाहीसं झालं. तेवढंच माझं खरं उत्पादन. प्रबंधात तेच लिहिलं. आजही मला त्या लहान टेकाडाचा अभिमान जास्त वाटतो.

पेडण्याची_माई
९ जुलै, सकाळी ८.१०

सर, गोष्ट वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली आहे. मुलाला वाचायला देणार.

दोनापावलचा_वारा
९ जुलै, दुपारी ३.३०

मी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) काम करतो, म्हणून पुढचा धागा पकडतो. आर्गॉनची चाचणी हवीच, पण ती पुरेशी नाही. खात्रीसाठी १३-कार्बनचा (नेहमीच्यापेक्षा जरा जड कार्बनचा) कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा आणि उत्पादनात १३-कार्बन दिसतो का पाहायचं. गिडो मुल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तांबं चढवलेल्या टिटॅनियावर हे केलं, तेव्हा पृष्ठभागावर उरलेला कार्बनच उत्पादनात उतरतो असं दिसून आलं. त्या निबंधानंतर या क्षेत्रातल्या बऱ्याच जुन्या आकड्यांकडे लोक पुन्हा पाहायला लागले.

इथे नवख्यांची एक फसगत होते. १३-कार्बनच्या मिथेनचं वस्तुमान १७. पाण्याची वाफ आत असली की तिच्या तुकड्याचा, हायड्रॉक्सिलचा पीकही १७ वरच येतो. रिअ‍ॅक्टरमध्ये तर पाणी भरपूर. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफच्या कॉलमवर मिथेन वेगळा काढायचा, मग वस्तुमान बघायचं. कार्बन मोनॉक्साइडचं तसंच: साधा २८ वर, आणि हवेतला नायट्रोजनही २८ वर. सेप्टममधून जरा हवा शिरली की संपलं.

आणि ऑक्सिजन मोजा. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून एक मिथेन झाला तर दोन ऑक्सिजन रेणू सुटायला हवेत. ऑक्सिजन नसेल तर पोकळ्या पाण्याऐवजी दुसरंच काहीतरी खातायत.

हिशेबी_मडगांवकार
९ जुलै, रात्री ८.४५

मी अकाउंट्सवाला, पण आकडा बघितला की राहवत नाही. या क्षेत्रात उत्पादन एका ग्रॅमला तासाला किती मायक्रोमोल असं सांगतात, असं वाचलं. समजा १० मायक्रोमोल मिथेन. मायक्रोमोलला १६ मायक्रोग्रॅम, म्हणजे १६० मायक्रोग्रॅम. एक किलो पावडर पसरली तर तासाला ०.१६ ग्रॅम. दिवसाचे सहा तास कडक ऊन धरलं तर एक ग्रॅमला जरा कमी. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा. तेवढा मिथेन जमायला सुमारे ४० वर्षं, तीही पावसाळा न धरता. हिशेब बरोबर आहे का?

पठारावरची_हवा
९ जुलै, रात्री ९.३०

हिशेब बरोबर आहे, आणि प्रत्यक्षात आणखी अवघड. एक किलो पावडर ढीग करून ठेवली तर आतल्या कणांना उजेड मिळणार नाही. पातळ थर द्यायचा म्हटलं तर घराचं अख्खं छप्पर लागेल. शिवाय प्रयोगात शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो, हवेत तो ०.०४ टक्केच.

पण शंभर पट सुधारणा झाली तर तुमची ४० वर्षं पाच महिन्यांवर येतात. मी त्या शंभर पटींच्या मागे आहे. दृश्य प्रकाश खाणारा फेज, नीट वाढलेला सांधा, पृष्ठभागावर तांब्याचे बारीक कण, आणि पाणी फार दाटी करणार नाही अशी वाफेची मात्रा. पाणी कमी पडलं तर प्रोटॉन नाहीत, जास्त झालं तर कार्बन डायऑक्साइडला बसायला जागा नाही. हे एक जमवण्यात माझं पूर्ण वर्ष गेलं.

बारावी_विज्ञान
१० जुलै, सायंकाळी ५.१५

सर, प्रश्न विचारणारी मीच. सगळं वाचलं, दोनदा. विज्ञान प्रदर्शनाला यातलं काही करता येईल का? आपल्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नाही.

डिचोली_रसायन
१० जुलै, रात्री ८.००

बाय, करता येईल. मिथेन मोजणं जमणार नाही, पण पावडर उजेडात काम करते का ते डोळ्यांनी दिसेल. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू आहे, तिचं फिकट निळं पाणी कर. चार सारख्या काचेच्या बाटल्या घे. एक: पावडर घालून उन्हात. दुसरी: पावडर न घालता उन्हात. तिसरी: पावडर घालून काळ्या कागदात गुंडाळलेली. चौथी: पावडर नाही, उजेडही नाही. चारही बाटल्या एकाच वेळी हलवायच्या. पावडर घेताना तोंडाला मास्क लाव. बाकीच्या तीन बाटल्यांचा कंटाळा करू नकोस, मी केला होता.

बारावी_विज्ञान
१३ जुलै, सायंकाळी ६.४०

सर, आज दुपारी दोन तास ऊन मिळालं. पहिली बाटली जवळजवळ पांढरी झाली! पण दुसरीही थोडी फिकी झाली, पावडर नसताना. आणि तिसरी, काळ्या कागदातली, तीही चौथीपेक्षा फिकी आहे. माझं काही चुकलं का?

डिचोली_रसायन
१३ जुलै, सायंकाळी ७.०५

काही चुकलं नाही. रंग उन्हात आपोआपही थोडा विटतो, ती दुसरी बाटली. तिसरी उजेडाला न्यायच्या आधी तळाशी बसलेली पावडर बघ. कुठला रंग आहे?

बारावी_विज्ञान
१३ जुलै, सायंकाळी ७.२०

निळा. पावडरच निळी झालीय सर. म्हणजे रंग मोडला नाही, नुसता चिकटला. मग पहिल्या बाटलीतला किती मोडला आणि किती चिकटला ते काढायला हवं ना? उद्या पावडर घालून आधी अर्धा तास अंधारात ठेवते, मग उन्हात नेते.